साल्सासाठी जोडीदार हवा: गोव्यात तो शोधावा कसा?

अबोली_फोंडा

नमस्कार. मी फोंड्याला राहते, नोकरी पणजीला आहे आणि वयाची पस्तिशी ओलांडलेली आहे. गेल्या पावसाळ्यापासून मी साल्साच्या, म्हणजे जोडीने करायच्या एका नाचाच्या, वर्गाला जाते. बेसिक (मूळ पाऊल), राइट टर्न (उजवे वळण) आणि क्रॉस बॉडी लीड (जोडीदाराने समोरून पलीकडच्या बाजूला नेणे) एवढे आता न अडखळता जमते. अडचण अशी की वर्गात बायका जास्त आणि पुरुष कमी, त्यामुळे अर्धा वेळ भिंतीकडे तोंड करून एकटीनेच पावले टाकावी लागतात, आणि शिक्षकांचा तर एकच धोशा असतो की जोडीदार घेऊन या, त्याशिवाय पुढे सरकता येणार नाही.

यजमानांना नाचाचे वावडे आहे. नाटकाच्या तालमीला ते पहाटेपर्यंत जागतील, पण माझ्याबरोबर चार पावले टाका म्हटले की त्यांची कंबर धरते. मी वर्गाला जाते याला त्यांची काहीच हरकत नाही, हेही सांगायला हवे. मग मी एका स्थानिक समूहावर ‘नृत्यासाठी जोडीदार हवा’ असे लिहिले, तर आलेल्या निरोपांपैकी बहुतेकांचा नृत्याशी दूरान्वयानेही संबंध नव्हता.

गोव्यात राहणाऱ्या आणि असे नृत्य करणाऱ्या मंडळींनी जोडीदार कसा शोधला, आणि मुळात तो लागतोच का, हे जाणून घ्यायचे आहे. साल्साखेरीज बचाता, जाइव्ह, वॉल्ट्झ यांविषयीचे अनुभवही चालतील.

मांडवीकाठ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर पहिला प्रश्न अवलंबून आहे. स्पर्धेत उतरायचे असेल किंवा रंगमंचावर बसवलेला नाच करायचा असेल, तर ठरलेला जोडीदार लागतो. सोशल नृत्याला तो लागत नाही. हे नृत्य आयत्या वेळी, समोर येईल त्या माणसाबरोबर, वाजेल त्या गाण्यावर करायचे असते. एक गाणे झाले, फार तर दोन झाली की आभार मानून दुसऱ्याकडे वळायचे, हा जगभरचा रिवाज आहे. क्युबातील रुएदा दे कासिनो या प्रकारात तर जोड्या गोलात उभ्या राहतात, एक जण मोठ्याने पुढची हालचाल पुकारतो आणि त्या पुकाऱ्यासरशी जोडीदार बदलत जातात. हवानातील क्लबांमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुजलेला हा प्रकार पाहिला की ‘माझा जोडीदार’ ही कल्पना या नृत्यात किती परकी आहे ते ध्यानात येते.

तेव्हा, ताई, जोडीदार शोधण्याआधी वर्ग तपासा. चांगल्या वर्गात रोटेशन असते, म्हणजे शिक्षक दर काही मिनिटांनी फॉलो करणाऱ्यांना (समोरच्याच्या सूचनेवर नाचणाऱ्यांना) एकेक जागा पुढे सरकवतात. बायका जास्त असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला एखादी फेरी रिकामी येते, पण अर्धा तास भिंत येत नाही. जोडीदार आणण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकणारा वर्ग आपले काम तुमच्याकडून करून घेत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोटेशनचा आणखी एक लाभ आहे. एकाच माणसाबरोबर नाचत राहिले की त्याच्या सवयी पाठ होतात. तो खांदा जरा झुकवतो, तेवढ्यावरून आपण वळतो आणि समजतो की आपल्याला फॉलो करता आले. अनोळखी माणूस समोर आला की उघड होते की आपण हाताची सूचना वाचत नव्हतो, माणूस पाठ केला होता.

कुळागरवाला

मांडवीकाठ यांच्याशी मी निम्माच सहमत आहे. ते बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वी शिकले असावेत आणि सुरुवातीचे हाल विसरले असावेत.

मी लीड करतो, म्हणजे नाचताना सूचना देणारा मी असतो, त्यामुळे ती बाजू मांडतो. साल्साचे संगीत चार मात्रांचे, पण मोजणी आठची असते. पाऊल एक, दोन, तीन आणि पाच, सहा, सात यांवर पडते, चार आणि आठ मोकळे जातात. लीडरने एकवर डावा पाय पुढे टाकायचा, त्याच वेळी समोरचीचा उजवा पाय मागे जातो. तिला वळवायचे असेल तर तीनच्या सुमारास डावा हात वर जायला हवा, म्हणजे ती पाच, सहा, सातमध्ये वळून पूर्ण होते. हात पाचवर उचलला तर वेळ निघून गेलेली असते आणि तिला ओढावे लागते. म्हणजे लीडरला पाय आत्ताच्या मात्रेवर आणि डोके पुढच्या मात्रेवर ठेवावे लागते, आणि हे सारे मिनिटाला १८० च्या आसपास ठोके पडत असताना. हे अंगवळणी पडेपर्यंत दर तीन मिनिटांनी माणूस बदलला की मला तरी काहीच शिकता येत नव्हते. एकच चूक शांतपणे वीस वेळा करू देणारे कोणीतरी लागते.

म्हणून मी सरावाचा जोडीदार आणि नाचाचा जोडीदार असा भेद करतो. नाचायला सगळे चालतात, सरावाला मात्र ठरलेले माणूस हवे. आठवड्यातून एक तास, ठरलेला वार, ठरलेली जागा, आणि त्या तासात कोणत्या दोनच गोष्टी घोटायच्या हे आधी ठरलेले. यापेक्षा जास्त काही त्या नात्यावर लादू नये.

आणखी एक, जे अबोलीताईंना दिलासा देईल. पहिले वर्षभर फॉलो करणारी व्यक्ती भराभर पुढे जाते, लीडर मागे रेंगाळतो आणि पुरुष याच टप्प्यावर वर्ग सोडतात. वर्गात पुरुष कमी दिसण्याचे मोठे कारण हे आहे. लाज वाटते, हे कारण लोक सांगतात, पण माझ्या मते ते दुय्यम आहे. तेव्हा वर्गात जो नवखा लीडर घामाघूम होऊन मोजत असेल त्यालाच सरावाला विचारा. तो नाही म्हणणार नाही.

शेवंती_पेडणे

ताई, तुमच्या सूचनेत ‘सराव’ हा शब्द नव्हता आणि ‘जोडीदार’ हा होता, हेच त्या निरोपांचे कारण असावे. आपल्याकडे विवाहजुळणीच्या जाहिरातींनी तो शब्द कायमचा आपल्या नावावर करून ठेवला आहे. पण बाईने ही शोधाशोध करताना काही पथ्ये पाळावीच लागतात.

सराव कधीही कोणाच्या घरी ठेवू नये. वर्गाची जागा वर्गाआधी अर्धा तास मोकळी मिळते का ते विचारावे, बहुतेक ठिकाणी मिळते. पहिल्या काही वेळा वर्गातली मैत्रीण सोबत असावी, म्हणजे दोन बायका आणि एक लीडर असा सराव होतो, आणि तो चांगलाच होतो, कारण एक जण बाजूला उभी राहून चुका पाहू शकते.

बचाताबद्दल थोडे सविस्तर लिहिते. हे नृत्य डोमिनिकन रिपब्लिकचे. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याच्या संगीत-नृत्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मुळात ते साधे, पायांचे नृत्य आहे: तीन पावले आणि चौथ्या मात्रेवर हलका ठोका. परंतु सध्या किनारपट्टीच्या भागात ‘सेन्शुअल’ नावाची जी शैली चालते तिच्यात अंतर फार कमी असते. ज्यांना ती आवडते त्यांनी ती जरूर करावी. मात्र अंतर किती ठेवायचे हे कमी अंतर हवे असणाऱ्याने ठरवायचे नसते. डावा हात त्याच्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली ठेवून कोपर किंचित ताठ धरले की समोरचा आपोआप हातभर दूर राहतो. समजूतदार लीडरला तेवढे पुरते. ज्याला पुरत नाही त्याचे गाणे अर्ध्यावर सोडून ‘धन्यवाद’ म्हणून निघून यावे. कारण देऊ नये. कारण दिले की वाटाघाट सुरू होते.

माझ्या बाबतीत एका ठिकाणी असे घडले तेव्हा आयोजकांनी ‘परप्रांतीय पाहुणे आहेत, सांभाळून घ्या’ असे सुनावले. त्या ठिकाणी मी पुन्हा गेले नाही. त्यामुळे नव्या जागी गेल्यावर तक्रार कोणाकडे करायची असते, हे मी पहिल्यांदा विचारते. या प्रश्नाला आयोजक कसे उत्तर देतात त्यावरून बरेच कळते.

सासष्टीकर

ही चर्चा साल्साभोवतीच फिरते आहे आणि गोव्यातच बसून आपण जोडीदार मिळत नाही म्हणतो आहोत, याची मला गंमत वाटते. जोडीने नाचण्याची रीत आपल्याकडे विमानाने आलेली नाही. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या कोणत्याही ख्रिस्ती लग्नाला जा. जेवणाआधी बँड वॉल्ट्झ धरतो आणि सत्तरी उलटलेली माणसे अशी सहज उठतात की वर्गात पैसे मोजणाऱ्यांनी पाहत राहावे. मडगावचा क्लुब हार्मोनिया, पणजीचा क्लुब नासिओनाल या जुन्या संस्थांच्या सभागृहांनी असे कित्येक नाच पाहिले आहेत. कार्निव्हलच्या शेवटी नासिओनालचा लाल-काळ्या पोशाखातला नाच तर सर्वांना ठाऊक आहे. त्या नाचांत पुरुषाने येऊन विचारायचे, नाचून झाल्यावर बाईला तिच्या टेबलापर्यंत पोहोचवायचे, एकाच बाईला सलग अडवून धरायचे नाही, हे सगळे संकेत पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले आहेत.

त्याच्याही आधीचा मांडो हा गाण्यासह नाच आहे. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या बड्या घरांत तो घडला. त्यात स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर रांगेत उभे राहतात, बायकांच्या हातात पंखा असतो, घुमट या मातीच्या वाद्याची साथ असते आणि स्पर्श जवळजवळ नसतोच. तरी समोरच्याची चाल पाहून आपली चाल ठेवावी लागते.

आपण हिंदू, मराठी वाचणारी गोंयकार मंडळी या सगळ्याच्या शेजारी राहूनही लग्नात जेवून परत येतो. फुगडी आणि धालो आपल्या बायकांनी जिवंत ठेवले, पण तिथे पुरुष नसतो. जोडीने नाचणे ‘त्यांचे’ असे आपण ठरवून टाकले. म्हणून माझी सूचना अशी: शेजारी, कार्यालयात, ओळखीपाळखीत जे कोणी काका-काकू वॉल्ट्झ आणि जाइव्ह करत आले आहेत त्यांना विचारा. साल्सा त्यांना येत नसेल, पण फ्रेम, म्हणजे जोडीदाराला धरण्याची हातांची ठेवण, काय असते हे त्यांच्या हातांना ठाऊक असते. पाठीमागे ठेवलेला पंजा ना ढकलतो ना ओढतो, फक्त दिशा सांगतो. माझ्या शेजारच्या अंकलबरोबर माझ्या पत्नीने एका नाताळच्या नाचात दोन वॉल्ट्झ केले, त्यानंतर तिचे साल्सातले वळणे सुधारले, हे वर्गातल्या शिक्षकांनीही मान्य केले.

फक्त लेंटचे दिवस टाळून विचारा. कार्निव्हल संपला की ईस्टरपर्यंत जुन्या घरांत नाचाचे नाव काढत नाहीत.

पर्वरीकर

सासष्टीकरांच्या प्रतिसादाला अनुमोदन. थोडे यजमानांबद्दल.

आम्ही नवरा-बायको एकत्र वर्गाला गेलो आणि घरी दर वेळी कडाक्याचे भांडण झाले. शिक्षकाने चूक दाखवली की आपण ऐकतो, बायकोने दाखवली की मागची दहा वर्षे वर येतात. शेवटी आम्ही वेगवेगळ्या वारांच्या वर्गांना जाऊ लागलो आणि फक्त सोशलला, म्हणजे नाचाच्या मोकळ्या मेळाव्याला, एकत्र नाचतो. तेव्हा नवरा येत नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. पण त्यांना एकदा सोशलला प्रेक्षक म्हणून न्या. घरात जे संशयाचे वाटते ते उजेडात, पंचवीस माणसांच्या घामट गर्दीत, अगदी व्यायामशाळेसारखे दिसते.

मांडवीकाठ

कुळागरवाला यांचा सराव आणि नाच हा भेद मला मान्य आहे. मी वर्ग निवडण्याच्या बाजूने लिहीत होतो, त्यांनी शिकण्याच्या बाजूने लिहिले.

शेवंतीताईंनी नकाराचा विषय काढला म्हणून अर्जेंटिनाच्या टँगोतील एक रीत सांगतो, जी साल्साच्या मंडळींनी उचलायला हवी होती. तिथे मिलोंगात, म्हणजे टँगोच्या मेळाव्यात, कोणी टेबलाशी येऊन हात पुढे करत नाही. लांबूनच नजर भिडवायची आणि मान किंचित हलवायची. समोरच्याने मान हलवली तर दोघे उठतात, नजर वळवली तर काहीच घडलेले नसते. चारचौघांत नकार नाही आणि मानहानीही नाही. गाणी तीन-चारच्या गटाने वाजतात, दोन गटांमध्ये वेगळ्याच संगीताचा तुकडा येतो आणि त्या वेळी सगळे आपापल्या जागी परततात. त्यामुळे ‘आता पुरे’ हे कोणाला सांगावेच लागत नाही. साल्सात उघड विचारण्याची पद्धत आहे आणि स्त्रियाही विचारतात, हे चांगलेच आहे. पण मग उघड नकार पचवण्याची तयारीही दोन्ही बाजूंनी हवी.

डिचोलीची_सून

जोडीदार मिळेलही, पण रात्री घरी कसे जायचे यावर कोणीच लिहिले नाही. पणजीहून फोंडा तीसेक किलोमीटर. संध्याकाळ कलली की बसगाड्या विरळ होतात, मोटारसायकल पायलटही (भाड्याने दुचाकीवर नेणारे) स्टँडवर राहत नाहीत आणि टॅक्सीचे भाडे ऐकून नाच पायांतच गोठतो. हणजूण, वागातोर, आसगाव या पट्ट्यात सोशल पुष्कळ होतात, पण तिथून परतीचा प्रवास त्याहून अवघड. आम्ही डिचोलीच्या तिघी एका गाडीने जातो आणि गाडी चालवणारी त्या रात्री दारूला शिवत नाही. माझ्या मते जोडीदाराआधी गाडीचा सोबती शोधावा.

एक सोय मात्र आहे. उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला रात्री १० नंतर बंदी असल्यामुळे समुद्रकाठचे नाच वेळेवर संपतात, निदान संपायला हवेत. संध्याकाळी लवकर सुरू होणारा कार्यक्रम निवडा आणि पहिला तास गाठा. जागा मोकळी असते, माणसे ताजी असतात, आणि नवख्यांना विचारायलाही त्याच वेळी धीर होतो.

हंगामाचाही विचार करा. ऑक्टोबर ते मार्च बाहेरची माणसे खूप येतात, त्यांतले काही फार सुरेख नाचतात, पण आठवड्याने निघून जातात. सरावाचा माणूस पावसाळ्यात शोधावा. जो धो धो पावसात वर्गाला येतो तो टिकतो.

अबोली_फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. कुळागरवाला यांनी वर्णन केलेला, घामाघूम होऊन मोजणारा नवखा लीडर आमच्या वर्गात खरोखरच आहे, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या शिरोड्याच्या एका मैत्रिणीला धरून आम्ही तिघे वर्गाआधी सराव करू शकू. शिक्षकांना जागेबद्दल विचारले, त्यांनी होकार दिला आहे.

दोन शंका राहिल्या. बायका जास्त आहेतच, तर मीच लीड शिकले तर त्यात काही अडचण आहे का? आणि बुटांचे काय करावे? सध्या मी खेळाचे बूट घालते, वळताना पाय जमिनीला चिकटतो.

कुळागरवाला

लीड जरूर शिका. बाहेर मोठ्या शहरांतल्या वर्गांत स्त्रिया लीड करतात आणि पुरुष फॉलो करतात, यात आता कोणाला नवल वाटत नाही. फक्त दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नका. आधी फॉलो करताना क्रॉस बॉडी लीड डोळे मिटून जमू द्या, मग बाजू बदला, नाहीतर एकवर कोणता पाय हाच घोळ होत राहतो. तुम्हा दोघी मैत्रिणींपैकी एकीने लीड घेतले की तुमची जोडी कोणावाचून अडणार नाही.

बूट मात्र आजच बदला. रबरी तळवा जमिनीला धरून ठेवतो, शरीर वळते, पाऊल वळत नाही आणि तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो. नाचाच्या बुटाला मऊ चामड्याचा, लवदार तळवा असतो. आपल्याकडच्या फरशीवर तो उत्तम सरकतो, पण खरबरीत सिमेंटच्या अंगणात महिन्याभरात झिजतो, म्हणून तो बाहेर घालून चालू नये. पावसाळ्यात कपाटात ठेवलात तर आठवड्यात बुरशी धरेल, तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा. खर्च नको असेल तर जुन्या सपाट चपलेला मोच्याकडून चामड्याचा तळवा लावून घ्या. पट्टा घोट्याला बांधणारा असला म्हणजे झाले.

शेवंती_पेडणे

अबोलीताई, चौथा माणूस मिळाला तर तुमच्या दोन जोड्या होतील, म्हणून सूचना पुन्हा लिहायची झाल्यास असा मसुदा सुचवते:

‘साल्साच्या सरावासाठी लीड करणारी एक व्यक्ती हवी, स्त्री अथवा पुरुष. आम्ही तिघे नवशिके आहोत. आठवड्यातून एकदा, पणजीत, वर्गाच्या जागेत, वर्गाच्या आधी एक तास. बेसिक आणि क्रॉस बॉडी लीड येत असावे. सरावाव्यतिरिक्त संपर्क अपेक्षित नाही. आधी एकदा वर्गाला येऊन भेटावे.’

वय, छायाचित्र, वैवाहिक स्थिती यांतले काहीही लिहू नका आणि कोणी विचारले तर उत्तर देऊ नका. फोन क्रमांकही नको, वर्गाचा वार आणि वेळ पुरे.

मांडवीकाठ

मसुदा उत्तम आहे, त्यात एक भर घाला: ऑन वन की ऑन टू, म्हणजे दिशा बदलणारे पाऊल एकवर की दोनवर. ताईंना जे शिकवले जाते ते कुळागरवाला यांच्या वर्णनाशी जुळत असेल तर ऑन वन, म्हणजे लॉस एंजेलिसच्या वळणाचे. न्यूयॉर्कच्या पद्धतीत दिशा बदलणारे पाऊल दोनवर पडते, एडी टोरेस यांनी ती पद्धत शिकवून पसरवली. गोव्यात बहुतेक वर्ग ऑन वनचे आहेत, पण बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांत ऑन टूवालेही बरेच भेटतात, आणि दोन वेगळ्या मोजण्यांची माणसे सरावाला एकत्र आली तर पहिला महिना नुसता वाद घालण्यात जातो.

अबोली_फोंडा

ऑन वनच आहे, विचारून घेतले. मसुद्यात तसे घातले आणि वर्गाच्या समूहावर टाकला आहे. पहिले उत्तर म्हापशाच्या एका निवृत्त शिक्षिकेचे आले. त्यांना लीड शिकायचे आहे आणि त्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे.

डिचोलीची_सून

गाडी आहे म्हणता? मग त्यांना ताबडतोब होकार कळवा.